दोन भागांचं कुंकू

लोकांना 'तुमचं चुकलं' एवढं सांगण्याचा मला पगार मिळतो. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये सोळा वर्षं हेच करते आहे. त्याला इन्स्पेक्शन म्हणतात. यवतमाळकडं आईला फोनवर पहिल्यांदा हे काम समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे चुगल्या सांगाचा पगार भेटते का तुले?"

तिचं अगदीच चुकलं नव्हतं. पहिली दोन-तीन वर्षं मलाही तसंच वाटायचं.

आमच्याकडं पोलादी बुश बनतात. बुश म्हणजे जाडजूड बांगडी समजा. मधल्या भोकाला बोअर म्हणतात, त्यात पुढं कुणाच्या तरी मशीनचा दांडा फिरतो. भोक लहान झालं तर दांडा शिरत नाही, मोठं झालं तर खडखडतो. किती लहान, किती मोठं? एका मिलिमीटरचे शंभर भाग करायचे. त्यातला एक भाग इकडं-तिकडं चालतो, दोन चालत नाहीत. तुमच्या डोक्यावरचा केस सहा-सात भागांचा तरी असतो. म्हणजे आम्ही केसाच्या चिरफळ्यांवर भांडणारी माणसं.

मोजायला डायल असतो. घड्याळासारखी तबकडी, खाली दांडी, दांडीला दोन टोकं. टोकं बोअरमध्ये घातली की काटा हलतो. पण डायलला स्वतःचं असं काही कळत नाही. आधी त्याला बरोबर मापाच्या एका रिंगमध्ये घालून काटा शून्यावर आणावा लागतो. ती मास्टर रिंग. ती सांगेल तेच माप.

हे सगळं मला देवरे अण्णांनी शिकवलं. अण्णा नामपूरकडचे, आमचे सेटर. मशीनवर कापायचं हत्यार बसवून पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, बरोबर काढून द्यायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं, हे सेटरचं काम. मी तेव्हा पॅकिंगला होते. नवरा आधी नाशकात आला, मी मागून आले. शिक्षण सातवी. गावातली शाळा तिथं संपायची, पुढची नदीपलीकडं होती. तेलकट कागदात बुश गुंडाळता गुंडाळता मी एक बाजूला ठेवला. अण्णा तिथून चालले होते.

"हा का काढला गं?"

"हाताले वेगळा लागून राहिला."

पॅकिंगच्या बायका फिदीफिदी हसल्या. "लागून राहिला म्हणे! अजून किती वेळ राहतो बघ!" माझ्या बोलण्याची अशी रोज वरात निघायची. अण्णा मात्र हसले नाहीत. बुश घेऊन गेले, मोजून आणला. तीन भाग मोठा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात डायल दिला. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, विचारलं, "अण्णा, सातवी पास बाईच्या हातात डायल?" अण्णा म्हणाले, "सातवीपर्यंत शंभराच्या आतले आकडे येतात ना साहेब? आपल्याला तेवढेच लागतात."

त्या वाक्यावर मी सोळा वर्षं भाकरी खाते आहे.

मोजायला मी लवकर शिकले. सांगायला शिकायला फार वेळ लागला, आणि तो वेळ दुसऱ्यांनी भोगला.

सुरुवातीला मला सांगितलं होतं की रिजेक्ट निघाले की फळ्यावर लिहायचं. मशीन नंबर, नाव, नग. मी इमानानं लिहायची. एका सकाळी 'मशीन दोन, बाळू, तेवीस' असं छान अक्षरात लिहिलं. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं, त्याचं कौतुक फळ्यावर करून घेत होते बहुतेक. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि कुणीतरी ओरडलं, "बाळूशेठ, तेवीस झाले, दोन अजून टाका, पंचवीसचा हार आणतो!" बाळू चाळिशीचा माणूस. त्यानं डबा बंद केला. तो आठवडा भरला आणि पुढच्या आठवड्यापासून आलाच नाही. नंतर कळलं, त्याच्या मशीनचा पट्टा सैल होता. फळ्यावर तेवीस लिहिलं होतं, पट्टा सैल आहे हे कुणीच लिहिलं नव्हतं. मीही नाही.

मग मी एकदम दुसऱ्या टोकाला गेले. सांगायचंच नाही. गोरख नावाचा ऑपरेटर चार नंबरवर आला होता. कामाला चपळ, स्वभावाला गरीब. त्याच्या बुशच्या कडेला बारीक धार राहायची, बोटाला टोचायची. मी म्हटलं, कशाला बिचाऱ्याला बोलायचं? कानस घेतली आणि तीन आठवडे त्याच्या बुशच्या कडा स्वतः घासत बसले. कुणाला सांगितलं नाही. आपण किती चांगल्या, असंही मनात वाटायचं. मग मला ताप आला, चार दिवस घरी राहिले, आणि त्या चार दिवसांचा माल धारेसकट गेला. तो परत आला. साहेबांनी गोरखला केबिनमध्ये घेतलं आणि सांगितलं, "अजून एकदा असं झालं, तर गेटच्या बाहेर."

गोरख माझ्या टेबलापाशी आला. ओरडला नाही. "ताई, तीन आठवडे तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"मग मला का नाही दिसू दिलं? हत्यार बदललं असतं ना मी. दहा मिनिटांचं काम होतं."

त्याच्या नावावर लागलेला तो डाग माझ्या चांगुलपणाचा होता.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण पुढं जे झालं तेव्हा गोरख त्या एका धमकीवर उभा होता आणि ती त्याला माझ्यामुळं मिळाली होती.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा असते. मशीन धुऊन पुसून लखलखीत करतात, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. त्या दिवशी कुणी स्विचला हात लावत नाही. पूजा अण्णांच्या हातून. सगळ्यांत ज्येष्ठ तेच. त्या वर्षी प्रत्येक मशीनला, पान्याला, हातोडीला कुंकू लावून झाल्यावर त्यांनी शॉपमधली मास्टर रिंग पेटीतून काढली, ताटात ठेवली आणि म्हणाले, "हिच्यामुळं आपण इमानदार." मग हळद-कुंकू पाण्यात कालवून करंगळीशेजारच्या बोटानं रिंगला लावलं. आम्ही हात जोडले. माझे तर डोळे भरून आले होते. परक्या गावात आपल्याला हक्काची पूजा मिळाली, असं मला दर वर्षी वाटतं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मशीन सुरू झाली.

हे माप तेव्हा एकट्या चार नंबरवर चालू होतं. अकराच्या सुमारास तिथले पहिले दीडशे बुश माझ्या टेबलावर आले. पहिला मोजला, बोअर दोन भाग लहान. दुसरा, दोन भाग लहान. दहावा, चाळिसावा, शंभरावा, सगळे दोन भाग लहान. तो लॉट संध्याकाळी पाचपर्यंत नाशकातल्याच द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्टला पोचवायचा होता. गिऱ्हाईकाची लाईन त्या मालासाठी थांबणार होती.

साहेब नेमके मागं उभे. त्यांनी काटा पाहिला. "कुणाचा?"

"चार नंबर."

"गोरख? मशीन बंद कर. तीन वाजता केबिनमध्ये पाठव त्याला. हिशेब करून टाकू."

मी गोरखकडं गेले. त्याचा चेहरा उतरला. "ताई, देवाशप्पथ, माझा काटा शून्यावर आहे. बघा तुम्ही."

मी पाहिलं. खरंच शून्यावर. तोच बुश, त्याचा डायल शून्य सांगतो, माझा दोन कमी सांगतो. इन्स्पेक्शनची रिंग वेगळी असते, माझ्या खोलीत, कुलपात. मी त्याचा डायल नेऊन माझ्या रिंगमध्ये घातला. काटा दोन भाग सरकला. म्हणजे गोरख नाही, मशीन नाही, डायलही नाही.

शॉपची रिंग उचलून ट्यूबलाइटखाली धरली. आत, नखाएवढ्या जागेत, हळद-कुंकवाचा वाळलेला पापुद्रा होता. बरोबर तिथंच डायलचं टोक टेकत होतं.

"गोरख, झिरो घेताना रिंग पुसली नाही?"

"पुसली ना. बाहेरून पुसली."

"आणि आतून?"

तो खाली बघायला लागला. "आतून अण्णांचं कुंकू होतं ना ताई. देवाचं. कोण पुसेल?"

शाळेत न शिकलेली गोष्ट मला त्या क्षणी कळली. आमच्या शॉपमध्ये मापाची भीती होती, पण अण्णांची त्याहून जास्त होती. पहिल्या पोरानं आत बघितलं असतं, चिंधी फिरवली असती, तर दोन सेकंदांत विषय संपला असता. पण अण्णांच्या हाताचं कुंकू पुसणं म्हणजे त्यांना 'तुमचं चुकलं' म्हणणं. ते कुणाला जमत नव्हतं.

आणि आता ते मला म्हणायचं होतं. ज्यांनी मला डायल दिला, त्यांना.

मी रिंग होती तिथं परत ठेवली आणि माझ्या खोलीत जाऊन बसले. हे मी आज लिहितानाही मान खाली घालून लिहिते. पाणी प्यायले. परत पाणी प्यायले. साहेबांना सांगावं? मग अण्णांना आतून बोलावणं येणार, काचेच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर. गुपचूप कुंकू पुसून टाकावं? मग तीन वाजता गोरख गेला. आणि मी पुन्हा कानस घेऊन बसलेली बाई.

मला तोंडानं सुचत नाही तेव्हा मी लिहिते. इन्स्पेक्शन कार्डाच्या पाठीवर लिहिलं: 'अण्णा, तुमच्या कुंकवामुळं लॉट गेला.' खोडलं. एवढा म्हातारा माणूस, त्याच्या भक्तीला दगड मारल्यासारखं. मग लिहिलं: 'अण्णा, तुम्ही माझ्या वडिलांसारखे, तुमचे उपकार आहेत, रागावू नका, पण...' तेही खोडलं. त्या 'पण'च्या आधीचं सगळं गूळ लावल्यासारखं दिसत होतं. अण्णा गुळाला फसणारे नव्हते. शेवटी नुसतं दिसलं तेवढं लिहिलं: 'रिंगमध्ये आत पापुद्रा आहे. दोन भागांचा. गोरखचं मशीन बरोबर आहे. तीनच्या आधी ठरवावं लागेल.' त्यात कुणाचं नाव नव्हतं, माफी नव्हती, आणि काही खोटंही नव्हतं. मोठ्यानं वाचून पाहिलं. आवाज फुटला.

तोपर्यंत साडेबारा झाले होते.

अण्णा त्यांच्या बाकावर एकटे हत्यारांना धार लावत होते. बाकी सगळे डबे घेऊन बाहेर. मी दोन्ही रिंगा आणि डायल त्यांच्यापुढं ठेवला. "अण्णा, जरा माप घेता का? मला खात्री करायची आहे."

त्यांनी चष्मा लावला. माझ्या रिंगमध्ये डायल घातला, शून्य केला. मग शॉपच्या रिंगमध्ये घातला. काटा दोन भाग सरकला. त्यांनी काढून पुन्हा घातला. पुन्हा दोन. माझी कार्डावरची वाक्यं मी म्हटली. एकही वाक्य गाळलं नाही.

अण्णांनी रिंग उजेडाला धरली. मान लाल झाली. राग आला की अण्णा अहिराणीवर यायचे.

"मना हातनं कुकू शे ते!"

"हो अण्णा."

"म्हंजे? पूजा चुकली माझी?"

हे मी कार्डावर लिहिलं नव्हतं. पण तोंडून निघालं, "पूजा बरोबर आहे अण्णा. जागा दोन भाग चुकली."

त्यांनी डायल खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. सातवी पास बाई, परत पॅकिंगला. मग त्यांनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला, रिंगच्या आतून फिरवला, रुमालावरचा पिवळा-लाल डाग बघितला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि उठले.

"चाल."

बाहेर शेडमध्ये सगळे जेवत होते. गोरखपुढं डबा होता, उघडलेला, न खाल्लेला. अण्णा मधोमध उभे राहिले. साहेबांनाही आवाज देऊन बाहेर बोलावलं.

"साहेब, लॉट गोरखनं नाही घालवला. मी घालवला. रिंगमध्ये कुंकू मी लावलं." सगळ्यांचे घास हातातच राहिले. मग ते गोरखकडं वळले. "आणि तू रे? दिसलं होतं ना तुला? पुसायचं होतं!"

"अण्णा, तुमचं होतं..."

"माझं होतं म्हणून काय भोक मोठं होतं का रे?"

पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही. बहुतेक साहेबच. मग पूर्ण शेड हसली. गोरख हसता हसता डोळे पुसायला लागला, आणि अण्णा त्याला म्हणाले, "रडू नको, जेव. लय काम पडलंय."

आणि खरंच लय काम पडलं होतं. एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. बोअर लहान झालं होतं. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही, पण लहान राहिलेलं मोठं करता येतं, कारण धातू अजून जागेवर असतो. पण बोलण्याइतकं सोपं नाही ते. झालेला बुश पुन्हा मशीनवर पकडायचा, केसाच्याही अंशानं तिरका होऊ द्यायचा नाही, आणि फक्त दोन भाग काढायचे. हत्यार धड कापतही नाही एवढ्यात, नुसतं घासतं. साहेब म्हणाले, "अण्णा, जमेल?" अण्णा म्हणाले, "विचारू नका. बघा."

चार आणि पाच नंबर, दोन्ही मशीन त्यांनी स्वतः लावली. चारवर गोरख, पाचवर ते स्वतः उभे. मी दोघांच्या मधे डायल घेऊन. एक एक बुश गरम गरम हातात येत होता. एरवी मी टेबलावर बसून निकाल द्यायची. त्या दिवशी मशीनपाशी उभी राहून सांगत होते, "अण्णा, अर्धा भाग अजून." "गोरख, बरोबर. तसाच ठेव." "अण्णा, हा बघा, एका बाजूला जास्त." आणि अण्णा, ज्यांच्यापुढं कुणी कुंकू पुसायला धजत नव्हतं, ते मान हलवून हत्यार सरकवत होते. "किती?" "अर्धा." "घे." कुणाला वाईट वाटायला वेळच नव्हता. तेव्हाच्या तेव्हा, जॉब हातात असताना सांगितलं की ते बोलणं टोचत नाही. तेच संध्याकाळी फळ्यावर लिहिलं असतं तर दोघंही घरी जाऊन जेवले नसते.

सव्वाचारला शेवटचा बुश निघाला. सगळे शून्याच्या आत-बाहेर, एका भागात. एकही रिजेक्ट नाही. पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब स्वतः टेम्पोत पुढं बसून द्वारकेला गेले. पाचला दहा कमी असताना त्यांचा फोन आला की माल चढला. शेडमध्ये जो आरडाओरडा झाला तो मी तोवर कधी ऐकला नव्हता. मीही ओरडले. आमच्याकडच्या बोलीत ओरडले, आणि कुणी चिडवलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडं तीन पद्धती पडल्या. फळ्यावर नाव लिहीत नाहीत, कारण लिहितात. सांगायचं असेल तर जॉब हातात घेऊन मशीनपाशी जायचं आणि समोरच्याला आधी स्वतः मोजू द्यायचं. तिसरी अण्णांनी लावली. झिरो घेण्याआधी रिंग आतून पुसायची, मग ती कुणीही पुजलेली असो. नवीन पोरींना मी हेच शिकवते. आता शेजारच्या दोन वर्कशॉपमधूनही मला बोलावतात, 'ताई, आमच्या इन्स्पेक्टरला जरा बोलायला शिकवा' म्हणून. सातवी पास बाई बोलायला शिकवते. आईला सांगितलं तर ती म्हणेल, आता चुगल्यांची शाळाही काढली.

पण त्या दिवसाचा शेवट राहिला.

फोन आल्यावर मी अण्णांच्या बाकाशी गेले. वाटलं, शाबासकी देतील. ते हत्यारं पुसून ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "पोरी, रिंगमधलं तुला कधी दिसलं?"

"अकराला. सव्वाअकरा असतील."

"मला कधी सांगितलं?"

"साडेबाराला."

"सव्वा तास काय केलं?"

"हिंमत करत होते अण्णा."

"आणि रिंग कुठं होती तेव्हा?"

रिंग होती तिथंच होती. चार बंद पडल्यावर तेच काम पाच नंबरवर लावलं होतं, आणि त्या सव्वा तासात तिथल्या पोरानं त्याच रिंगवर झिरो घेतला होता. दुरुस्तीला दीडशेचे दोनशे बुश झाले ते त्यामुळं. दुपारी घाईत कुणी हिशेब केला नाही, अण्णांनी केला होता.

"बोलायला वेळ लागला तर लागू दे," ते म्हणाले. "माणूस आहे. पण आधी रिंग उचलायची. हिंमत मग सावकाश गोळा करायची."

एवढंच. आवाज चढवला नाही, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि म्हणाले ते सोळा आणे खरं होतं. माझे कान तापले. पण रात्री झोप लागली. इतक्या वर्षांत चूक ऐकून झोप लागण्याची ती पहिली वेळ.

निघताना चार नंबरपाशी थांबले. गोरख मशीन पुसून, सकाळसाठी पोलादाचे तुकडे रांगेत मांडत होता. मला बघून म्हणाला, "ताई, उद्या पहिला जॉब निघाला की लगेच या. टेबलावर बसून राहू नका."

"येते," मी म्हटलं. आणि सात वाजता, शिफ्टचा भोंगा वाजायच्या आधी, मी त्याच्या मशीनपाशी उभी होते.